नव्या माणसाचा पीएफ कापायचा नसेल तर रुजू होण्याच्या दिवशी काय काय करायचं

"मॅडम, ठरलाय तेवढा पगार हातात पाहिजे. पीएफ-बीएफ काही कापू नका."

मुलाखत संपून चहा आला की हे वाक्य येतंच. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी २०१२ पासून पगार, हजेरी, पीएफ आणि ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) काम बघते. पूर्वी असं म्हणणारे फक्त वरचे साहेब लोक असायचे. आता सीएनसी प्रोग्रॅमर म्हणतो, क्वालिटीवाला म्हणतो, डिप्लोमा होऊन चार वर्षं झालेला पोरगाही म्हणतो. मालकही शेजारी बसून मान डोलावतात, कारण त्यांचाही हिस्सा वाचणार असतो.

दोघांची तयारी आहे म्हणून पीएफ टाळता येत नाही. कायद्यात बसत असेल तरच टळतो, आणि बसतो की नाही हे एकाच दिवशी ठरतं, माणूस कामावर रुजू होतो त्या दिवशी. त्या दिवशीचा पगार, त्या दिवशीचं त्याचं जुनं पीएफ खातं आणि त्या दिवशी त्याने सही करून दिलेला कागद, एवढ्या तीन गोष्टी. मला हे कळायला आमच्या कारखान्याचे पन्नास हजारांच्या वर गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

हे लिखाण वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आणि पीएफ लागू झालेल्या आस्थापनांसाठी आहे. एकदा पीएफ लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही, तेव्हा "आता आम्ही पंधराच जण आहोत" हे कारण चालणार नाही.

१. 'सूट' मागायची नसते

सुरुवातीला मी सल्लागारांना विचारलं होतं, "सूट मिळवायचा अर्ज कुठे करायचा? कोल्हापूरला जावं लागेल का?" सांगली जिल्ह्याचा पीएफचा कारभार कोल्हापूरच्या क्षेत्रीय कार्यालयातून चालतो, म्हणून मला वाटलं तिथून एखादं पत्र आणावं लागत असेल. ते हसले.

असा अर्ज नसतो आणि असं पत्रही मिळत नाही. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत परिच्छेद २(फ) मध्ये 'वगळलेला कर्मचारी' कोण हे सांगितलं आहे. सभासद व्हायच्या वेळी ज्याचं दरमहा वेतन १५,००० रुपयांपेक्षा जास्त आहे, तो वगळलेला. ज्याने निवृत्तीनंतर किंवा कायमचं परदेशी जाताना सगळा निधी काढून घेतला, तोही वगळलेला. शिकाऊ उमेदवारही त्यातच येतो, पण शिकाऊ म्हणजे शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा किंवा स्थायी आदेशांप्रमाणे घेतलेला. नेमणूक पत्रावर नुसतं 'ट्रेनी' लिहून कोणी शिकाऊ होत नाही. एमआयडीसीत ही चूक गल्लोगल्ली सापडते.

म्हणजे परवानगी कोणी देत नाही. तुम्ही स्वतः ठरवायचं आणि उद्या तपासणीला कोणी आलं तर कागदावर दाखवून द्यायचं.

२. पंधरा हजार म्हणजे कशाचे, ते मोजा

इथे निम्मे लोक घसरतात. "पगार पंचेचाळीस हजार आहे, म्हणजे पंधराच्या वर झालाच की!" असं नसतं. मोजायचा तो बेसिक, महागाई भत्ता, रिटेनिंग भत्ता (काम बंद असतानाच्या काळात माणूस टिकवायला देतात तो) असेल तर तो, आणि जेवणाची सवलत असेल तर तिची रोख किंमत. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस यात येत नाहीत.

दोन पगारपत्रकं शेजारी ठेवून बघा.

पहिलं: एकूण ४८,०००. बेसिक २२,०००, महागाई भत्ता ४,०००, घरभाडं ९,०००, प्रवास ५,०००, इतर ८,०००. पीएफसाठीचं वेतन २६,०००. पंधराच्या स्पष्ट वर आहे, काही प्रश्न नाही.

दुसरं: एकूण ४५,०००. बेसिक १४,५००, घरभाडं ७,०००, 'स्पेशल अलाउन्स' २३,५००. असं पत्रक तुमच्याकडे असेल तर एकदा पाणी पिऊन या. ही रचना कोणी केली आणि का केली हे तुम्हालाही माहीत आहे आणि तपासणीवाल्यांनाही. बेसिक मुद्दाम कमी ठेवून पीएफ कमी भरायचा म्हणून ती केलेली असते. आता त्याच माणसाला "पगार जास्त आहे" म्हणून वगळायला निघालात तर तुमचंच पत्रक तुमच्या विरुद्ध बोलतं, कारण त्यावर वेतन १४,५०० आहे, म्हणजे तो सभासद व्हायलाच हवा.

वर आणखी, सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलं की जे भत्ते सगळ्यांना सरसकट आणि नेहमी मिळतात ते मूळ वेतनातच धरायचे. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात वेतनाच्या व्याख्येबाहेरचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनातच मोजायचा आहे. वरच्या उदाहरणात भत्ते ३०,५०० आहेत, निम्मे होतात २२,५००, म्हणजे ८,००० वेतनात परत येतात. (जुनी १९५२ ची योजना संहिता लागू झाल्यापासून एक वर्षापर्यंत चालू ठेवायची सोय संहितेतच आहे. म्हणून नेमणूक करताना त्या तारखेला कोणती योजना आणि कोणती मर्यादा चालू आहे हे एकदा बघायचंच.)

माझं सरळ म्हणणं असं: ज्याला वगळायचं आहे त्याचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून वीस हजारांच्या वर ठेवा. काठावर ठेवून चमत्कार करायला जाऊ नका.

काठावरच्या दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. नियमात 'पेक्षा जास्त' असा शब्द आहे, त्यामुळे बरोबर १५,००० असेल तर माणूस सभासद होतो. आणि महिन्याचा दर बघायचा, मिळालेली रक्कम नाही. कोणी २० तारखेला रुजू झाला आणि त्या महिन्यात हातात बेसिकचे ९,०००च आले, म्हणून तो पंधराच्या आत जात नाही. उलट बाजूनेही तसंच.

३. जुनं पीएफ खातं आहे का, ते त्याच्यासमोर शोधा

पगार कितीही असो, दोन लाख असो, माणूस आधीच पीएफचा सभासद असेल आणि त्याचं खातं बंद झालेलं नसेल, तर त्याला वगळता येत नाही. एकदा सभासद झालेला माणूस परिच्छेद ६९ खाली सगळी रक्कम काढून घेईपर्यंत सभासदच राहतो.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही मेल्टिंगसाठी एक इन-चार्ज घेतला. हुशार माणूस, भोसरीत काम करून आलेला, मूळचा तासगाव तालुक्यातला, आईवडिलांपाशी राहायचं म्हणून इकडे आला. मी विचारलं, "पीएफ होता का आधी?" तो म्हणाला, "नाही मॅडम, तिकडे तसलं काही नव्हतं." मी मान हलवली आणि पगार सुरू केला. कागद घेतला नाही. सोमवार होता, तीन माणसं एकदम रुजू झाली होती, आधारची झेरॉक्स काढायला मशीन चालत नव्हतं, एवढंच आठवतं.

चौदा महिन्यांनी तपासणी झाली. यादीत त्याचं नाव निघालं. बी.ई. झाल्यावर चाकणला एका ठेकेदारामार्फत त्याने सात महिने काम केलं होतं, त्या ठेकेदाराने त्याचा पीएफ भरला होता, आणि खात्यात अकरा हजार आणि काहीतरी रुपये पडून होते. तो खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. सिमकार्ड बदललं होतं, त्यामुळे पीएफचे एसएमएस कधी आलेच नाहीत.

पंधरा हजारांवर बारा टक्के, १,८०० त्याचे आणि १,८०० आमचे, महिन्याला ३,६००. चौदा महिन्यांचे ५०,४००. त्यावर विम्याचे अर्धा टक्का आणि प्रशासनाचे अर्धा टक्का, महिन्याला दीडशे. शिवाय वर्षाला १२ टक्के व्याज आणि दंड वेगळा. तेव्हा दंडाचे दर जास्त होते, वर्षाला २५ टक्क्यांपर्यंत जायचे. १४ जून २०२४ पासून ते महिन्याला एक टक्का झाले.

मालकांनी विचारलं, "त्याचा हिस्सा त्याच्या पगारातून कापून घेऊ या ना." इथे मी खरी शिकले. ज्या महिन्याचा हिस्सा, त्याच महिन्याच्या पगारातून कापता येतो, मागचा नंतर कापता येत नाही, असं योजनेचा परिच्छेद ३२ सांगतो. त्याला अपवाद मोजके. त्यातला एक असा की रुजू होताना माणसाने लेखी खोटं सांगितलं असेल की मी आधी सभासद नव्हतो, तर नंतरच्या पगारातून वसूल करता येतो. लेखी! आमच्याकडे त्याचं तोंडी "नाही मॅडम" होतं. दोन्ही हिस्से कारखान्याने भरले.

तेव्हापासून मी नव्या माणसाला माझ्या टेबलासमोर बसवते, त्याचा मोबाइल त्याच्याच हातात असतो, आणि हे करून घेते:

पहिलं, पीएफच्या सभासद पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर आधार आणि मोबाइल नंबर टाकून यूएएन, म्हणजे माणसाचा कायमचा पीएफ नंबर, शोधायचा. ओटीपी त्याच्याच फोनवर येतो, तो त्यानेच टाकायचा. तुम्ही त्याचा पासवर्ड मागू नका, लिहून तर अजिबात ठेवू नका.

दुसरं, यूएएन सापडला तर पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी उघडायची. नुसता बारा आकडी नंबर असणं म्हणजे सभासद असणं नाही. त्याखाली एखाद्या कंपनीचा मेंबर आयडी (त्या कंपनीतला पीएफ खाते क्रमांक) आणि भरणा आहे का ते बघायचं.

तिसरं, जुनी पगारस्लिप आणि फॉर्म १६ मागायचा. स्लिपवर 'पीएफ' अशी ओळ दिसली तर तोंडी उत्तर काहीही असो, खातं आहे. ठेकेदाराकडचं काम, आयटीआयनंतरची सहा महिन्यांची नोकरी, कॉलेजच्या सुट्टीत केलेलं कॉल सेंटर, हे सगळं नाव घेऊन विचारा. "आधी पीएफ होता का" असं विचारलं तर माणूस शेवटच्या नोकरीचंच सांगतो.

यातून तीन निकाल निघतात.

कधीच खातं नव्हतं आणि वेतन पंधरा हजारांच्या वर आहे: वगळता येतो.

खातं आहे, शिल्लक आहे: वगळता येत नाही. जुनाच यूएएन घेऊन सभासद करा आणि जुनं खातं तुमच्याकडे वर्ग करायला सांगा.

खातं होतं, पण सगळे पैसे काढून खातं मिटवलेलं आहे: त्याचं सभासदत्व तिथे संपलं, आता नव्याने वेतन बघायचं. पण "पैसे काढले" यावर जाऊ नका. कोविडमध्ये किंवा लग्नासाठी काढलेला ॲडव्हान्स म्हणजे खातं मिटवणं नव्हे. फॉर्म १९ ने अंतिम रक्कम काढलेली हवी आणि पासबुकात शिल्लक शून्य हवी. त्या पानाची प्रत फाइलला लावा.

एक जण मला म्हणाला होता, "मॅडम, मग मी आधी सगळे काढून घेतो, नंतर रुजू होतो." मी त्याला घरी पाठवलं, बायकोशी बोलून ये म्हणाले. नऊ वर्षांची जमा होती त्याची.

परदेशी पासपोर्टवर आलेल्या बहुतेक माणसांना पंधरा हजारांची ही मर्यादा लागू नाही, त्यांना पगार कितीही असला तरी पीएफ. सांगलीत असे कमी, पण एखाद्या कंपनीत परदेशी तंत्रज्ञ येतो, म्हणून सांगून ठेवते.

४. त्याच्या हातातून काय जाणार, ते आकड्यात सांगा

बहुतेकांना वाटतं पर्याय दोनच, पूर्ण पगारावर बारा टक्के नाहीतर काहीच नाही. मधला एक रस्ता आहे तो कोणी सांगत नाही. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ३२,००० असेल तर:

पूर्ण वेतनावर: त्याचे ३,८४०, कंपनीचे ३,८४०.

मर्यादेपुरता, म्हणजे फक्त पंधरा हजारांवर: त्याचे १,८००, कंपनीचे १,८००.

वगळला: शून्य, शून्य.

मधल्या रस्त्याने वर्षाला ४३,२०० रुपये जमतात, आणि हातातल्या पगारातून महिन्याला जातात फक्त १,८००. २०२४-२५ साली पीएफवर ८.२५ टक्के व्याज होतं. हा आकडा ऐकल्यावर पाचातले दोन तरी म्हणतात, "मग राहू द्या की कापायला." त्यांना सभासद करायचं असेल तर परिच्छेद २६(६) प्रमाणे माणूस आणि मालक दोघांनी मिळून लेखी विनंती द्यायची आणि प्रशासन खर्च भरण्याचं मालकाने लिहून द्यायचं.

वगळल्यावर आणखी जातं ते असं. पीएफबरोबर येणारा ठेव संलग्न विमा जातो. माणूस नोकरीत असताना दगावला तर या विम्यातून घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळतात आणि त्याचा हप्ता पूर्ण मालक भरतो. जुन्या करपद्धतीत करवजावटीसाठी दाखवायची पीएफची रक्कम जाते. आणि कंपनीचा हिस्सा रोख पगारात आला तर त्यावर कर लागतो.

पहिलीच नोकरी असेल तर अजून एक गोष्ट तपासा. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे. पहिल्यांदाच पीएफमध्ये नोंद होणाऱ्या, एक लाखापर्यंत पगार असलेल्या माणसाला एका महिन्याचं वेतन, जास्तीत जास्त १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळतं. मालकालाही नव्या माणसामागे महिन्याला ३,००० पर्यंत मिळू शकतात, पण पन्नासच्या आत माणसं असतील तर किमान दोन आणि पन्नास किंवा जास्त असतील तर किमान पाच माणसं वाढवावी लागतात. वगळलेल्या माणसाला यातलं काही नाही. मालक मान डोलावत असतील तेव्हा हे त्यांच्या कानावर घाला. आमच्याकडे त्या दिवशी डोलणं थांबलं.

पेन्शनचं मात्र वेगळं आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा सभासद होणाऱ्याचं वेतन पंधरा हजारांच्या वर असेल, तर त्याला पीएफ लागला तरी पेन्शन योजना लागत नाही, कंपनीचा सगळा हिस्सा पीएफमध्येच जातो. त्यामुळे "वगळला तर माझी पेन्शन जाईल का?" याचं उत्तर अशा माणसाला 'नव्हतीच' असं आहे.

आणि हे भांडणाचं मूळ: पीएफ कापला नाही की कंपनीचे ते १,८०० कोणाचे? माणसाला वाटतं ते आपल्या पगारात येणार. मालकाला वाटतं ते आपले वाचले. मुलाखतीत दोघंही हसत असतात आणि पहिल्या पगाराला माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. 'सीटीसी' (माणसामागे कंपनीचा एकूण खर्च) असा शब्द वापरून आकडा ठरला असेल तर नेमणूक पत्रात एक ओळ स्पष्ट लिहा, कंपनीचा हिस्सा पगारात मिळवला आहे की नाही.

५. फाइलमध्ये हवेत ते कागद

- नेमणूक पत्र. त्यात बेसिक, महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते वेगवेगळे, रुजू होण्याची तारीख, आणि त्याची सही.
- फॉर्म ११, म्हणजे रुजू होताना माणसाने द्यायचं पीएफचं घोषणापत्र. याच्याबद्दल खाली सांगते.
- आधार आणि पॅनची प्रत.
- आधीच्या नोकरीचं सोडल्याचं पत्र आणि शेवटची पगारस्लिप. पहिलीच नोकरी असेल तर तसं लिहून दिलेलं.
- यूएएन शोधला तेव्हाच्या पानाची छापील प्रत, तारखेसह. काही सापडलं नाही असं पान आलं तरी त्याचीही प्रत.
- खातं मिटवलेलं असेल तर शून्य शिल्लक दाखवणारं पासबुक.
- माणसाचं साध्या मराठीतलं पत्र: मला पीएफची माहिती दिली, मी सभासद होऊ शकलो असतो, तरी मला नको आहे.

शेवटचं पत्र कायद्याने मागितलेलं नाही, ते मी माझ्यासाठी घेते. दोन वर्षांनी माणूस "मला कोणी सांगितलंच नव्हतं" म्हणतो तेव्हा ते उपयोगी पडतं. मात्र एवढंच पत्र घेऊन फॉर्म ११ घ्यायचं विसरलात तर ते पत्र म्हणजे नुसती रद्दी. "मला पीएफ नको" एवढं लिहून दिल्याने कोणी वगळला जात नाही.

आणि सगळं स्कॅन करून ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत किती ऑफिसांच्या फायली कृष्णेत भिजल्या ते इथल्या कोणाला सांगायला नको. ओळखीच्या एका अकाउंटंटने फॉर्म ११ चे गठ्ठे गच्चीवर दोरीला चिमट्यांनी लावून वाळवले होते. शाईच्या सह्या पुसल्या, बॉलपेनाच्या राहिल्या. आमच्याकडे फॉर्मवर बॉलपेनच चालतं.

६. फॉर्म ११ भरून घेताना

हा फॉर्म सभासद होणाऱ्यांसाठी आहे अशी समजूत असते, म्हणून वगळलेल्याकडून कोणी घेत नाही. खरं तर वगळलेल्याचाच आधी घ्यायला हवा. त्यातले दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे, आधी भविष्य निर्वाह निधी योजनेचा सभासद होता का आणि आधी पेन्शन योजनेचा सभासद होता का. त्याची होय-नाही ची खूण त्याने स्वतःच्या हाताने करायची. ऑफिसातल्या मुलीने भरायची आणि त्याने खाली नुसती सही ठोकायची, असं नको. उद्या "मी कुठे लिहिलं, ते त्यांनी लिहिलं" असं होतं.

तारीख रुजू होण्याचीच. महिनाअखेरीला सगळ्यांचे फॉर्म एकदम भरून मागची तारीख टाकायची सवय असते, ती मोडा. एकाच पेनाने, एकाच अक्षरात, सात माणसांचे सात फॉर्म आणि सात वेगवेगळ्या तारखा, हे बघणाऱ्याला लगेच दिसतं.

खाली मालकाचंही घोषणापत्र असतं. ते कोरं राहतं बहुतेक ठिकाणी. भरा, शिक्का मारा.

७. दर महिन्याचं चलन

वगळलेल्याचं नाव ईसीआरच्या फाइलमध्ये (पोर्टलवर दरमहा चढवायची सभासदांच्या भरण्याची यादी) टाकायचं नाही, शून्याची ओळही नाही. पण चलन तयार करताना पोर्टल वगळलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांचा एकूण पगार विचारतं. तिथे लोक शून्य टाकून पुढे जातात. तसं करू नका. ताळेबंदात पगाराचा खर्च एक आणि पीएफच्या नोंदीत दुसरा दिसला की पहिला प्रश्न तोच येतो, मधली माणसं कुठे आहेत? वगळलेली माणसं वीसच्या मोजणीतही धरतात, हेही विसरू नका.

ज्याने मर्यादेपुरता पीएफ घेतला आणि जो २०१४ नंतरचा नवा, पंधरा हजारांच्या वरचा सभासद आहे, त्याच्या ओळीत पेन्शनचं वेतन शून्य गेलं पाहिजे. सॉफ्टवेअर आपोआप १५,००० टाकतं आणि १,२५० रुपये पेन्शनकडे वळतात. हे दुरुस्त करायला फार खेटे पडतात, आणि माणूस नोकरी सोडून पैसे काढायला जातो तेव्हाच ते उघडकीला येतं. पहिल्या चलनाच्या आधी ती एक ओळ डोळ्यांनी तपासा. चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, हे तुम्हाला माहीतच आहे.

ईएसआयची २१,००० ची मर्यादा, व्यवसाय कर, ग्रॅच्युइटी यांचा या वगळण्याशी संबंध नाही. ते आपापल्या नियमाने चालू राहतात. पीएफ नाही म्हणून ग्रॅच्युइटीही नाही, असं एका जॉबवर्कवाल्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं.

८. नंतर काही बदललं तर

सभासद झालेला माणूस मध्येच "पुढच्या महिन्यापासून बंद करा, पगार वाढलाय आता" म्हणाला तर नाही म्हणा. पगार वाढला तरी सभासदत्व राहतं, फार तर भरणा पंधरा हजारांपुरता ठेवता येतो. म्हणूनच "सहा महिने १४,५०० वर ठेवू, मग पस्तीस करू आणि पीएफ बंद करू" ही युक्ती चालत नाही. त्या सहा महिन्यांतच तो सभासद झालेला असतो.

उलट, वगळलेल्या माणसाचं वेतन पुढे बरोबर पंधरा हजार किंवा त्याच्या खाली आलं, मग ते पगाराची रचना बदलल्याने असो की अर्धवेळ काम घेतल्याने, तर त्या तारखेपासून त्याला सभासद करावं लागतं.

आणि मर्यादाच वाढली तर? १ सप्टेंबर २०१४ ला ती ६,५०० वरून १५,००० झाली तेव्हा मी दोन वर्षांची नवखी होते. आठ-दहा हजारांवरचे आमचे अकरा जण तोपर्यंत वगळलेले होते, ते एका रात्रीत आत आले. त्यांची यादीच नव्हती. मी आणि आमचा स्टोअरवाला दोघांनी मिळून पगाराच्या वहीतून एकेक नाव काढलं, दोन शनिवार गेले.

तेव्हापासून हजेरीच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर वगळलेल्यांची यादी असते: नाव, रुजू तारीख, त्या दिवशीचं बेसिक आणि महागाई भत्ता, फॉर्म ११ कोणत्या फाइलमध्ये. पगारवाढ झाली की एप्रिलमध्ये तिच्यावरून एकदा बोट फिरवायचं. आत्ता तिथे नऊ नावं आहेत. तो मेल्टिंगचा इन-चार्ज त्यात नाही, तो सभासद आहे, आणि चाकणचे अकरा हजार त्याने आमच्याकडे वर्ग करून घेतलेत.